तळ्यातलं डोंगराचं प्रतिबिंब, समोर भारी दिसत होतं पण फोटोत पार मेलंय, काय करू?

काठावरचा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतोय तर सांभाळून घ्या. एका फोटोवर गेले चार दिवस डोकं आपटतोय. बर्फाचे डोंगर, खाली तळं, तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब, म्हणजे विषय सगळ्यांनी काढून काढून गुळगुळीत केलेलाच आहे पण मी तिथे उभा होतो तेव्हा खरंच दोन मिनिटं कॅमेरा काढायचं सुचलं नाही इतकं भारी दिसत होतं. आणि घरी येऊन बघतो तर फोटोत काहीच नाही, नुसती नोंद केल्यासारखं, हा डोंगर हे पाणी.

फोटो खाली चिकटवलाय, कुणाला दिसत नसेल तर सांगतो. मधोमध एक मोठं शिखर, शेजारी दोन लहान. पलीकडच्या काठावर सूचिपर्णी झाडांची काळी रांग. खाली अर्ध्या फ्रेममध्ये पाणी, त्यात शिखर उलटं, पण डावीकडे वाऱ्याने पाणी थरथरलंय त्यामुळे तिथलं प्रतिबिंब फाटल्यासारखं झालंय. उजव्या कोपऱ्यात चारपाच दगड, एक पाण्यातून वर आलेला. आकाश एका बाजूला गडद निळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट, ते असं का झालं कळत नाहीये. वर तीन पक्षी आहेत लांबवर, ते मात्र मस्त आलेत.

क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, किट लेन्स, १८ मिमी, एफ २२ (म्हणजे लेन्सचं भोक अगदी लहान, सगळं शार्प यावं म्हणून), आयएसओ १००, शटर १/३०, सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर) लावलेला, ट्रायपॉड बॅगेतच राहिला. वेळ सकाळी साडेआठ. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आहे.

काय काय केलं ते पण सांगतो, हसू नका. आधी पलीकडच्या काठाला धरून फोटो सरळ केला. मग सॅच्युरेशन ६० पर्यंत नेलं, डीहेझ केलं (धुरकटपणा काढला), क्लॅरिटी म्हणजे बारीक उठाव वाढवला, पाणी एकदम शाईसारखं झालं. मग वैतागून वरचा अर्धा भाग कॉपी केला, उलटा केला आणि खाली चिकटवला, दगड परत वरून बसवले. बहिणीला दाखवला तर ती म्हणाली पत्त्यातल्या राजासारखा दिसतोय. खोटा वाटतो हे मलाही कळतंय, पण का खोटा वाटतो ते कळत नाहीये, प्रतिबिंब म्हणजे उलटा डोंगरच ना शेवटी?

ट्रायपॉडप्रेमी

साडेआठला निघालात तिथेच अर्धा फोटो गेला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी काठावर उभं राहायचं. आणि १० स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळी काच, एका स्टॉपला उजेड निम्मा) घ्या, ३० सेकंद एक्सपोजर द्या, लहरी बिहरी सगळ्या गायब, पाणी आरसा होतं. आणि ट्रायपॉड बॅगेत ठेवायला नेता का हो? 😀

अर्धा_स्टॉप

पहाटेबद्दल सहमत, एनडीबद्दल अजिबात नाही, त्यावर शेवटी येतो. आधी त्या पत्त्यातल्या राजाचं बघू कारण खरी गोम तिथेच आहे.

प्रतिबिंब म्हणजे उलटा डोंगर नाही. पाणी हा फार वाईट आरसा आहे, आणि किती वाईट ते तुम्ही कुठल्या कोनातून बघताय त्यावर ठरतं. सरळ खाली पायाशी बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं, बाकी सगळा आत जातो, म्हणून पायाजवळचे तळातले गोटे दिसतात. नजर पाण्याला जितकी समांतर तितका परतणारा उजेड जास्त. पृष्ठभागापासून १५ अंशांच्या कोनात बघाल तर साधारण पाचवा हिस्सा, १० अंशांना एक तृतीयांश, ५ अंशांना निम्म्याहून थोडा जास्त. आता हे तुमच्या फोटोला लावून बघा. झाडांची रांग आणि डोंगराचा पायथा काठाच्या लगेच खाली उमटतो, तिथे कोन अगदी कमी, म्हणून तिथलं प्रतिबिंब जवळजवळ खऱ्याइतकं उजळ. शिखराचं टोक मात्र खाली तुमच्या बाजूला येतं, तिथे कोन वाढलेला, म्हणजे शिखर डोळ्याच्या पातळीपासून १५ अंश वर असेल तर त्याचं प्रतिबिंब मूळ शिखरापेक्षा दोन स्टॉपहून जास्त काळोखं. म्हणजे प्रतिबिंब काठापासून तुमच्याकडे येता येता हळूहळू विझत जातं. आपण हे रोज बघतो पण लक्षात येत नाही, डोळ्याला मात्र ते माहीत असतं. तुम्ही कॉपी करून चिकटवलात त्यात वरून खालपर्यंत एकच उजेड आहे, म्हणून बहिणीला लगेच खटकलं.

दुसरं कारण अजून मजेदार आहे. तुमचा डोळा पाण्याच्या दीड मीटर वर आहे, पण प्रतिबिंबात जे दिसतं ते पाण्याखाली दीड मीटर डोळा असता तर जे दिसलं असतं ते. तो पाण्यातून वर आलेला दगड मूळ फोटोत झूम करून बघा. दगडाचा वरचा सपाट भाग दिसतोय, त्यावर ऊन आहे. पाण्यात तो सपाट भाग नाहीच, तिथे दगडाचं पोट दिसतंय, ओलं आणि काळं. झाडांचंही तसंच, पाण्यातली झाडं डोंगराचा पायथा जरा जास्त झाकतात. कॉपी केलेल्यात हे कुठून येणार.

(आणि उगाच शंका काढतो, पत्त्यातला राजा आरशातला नसतो, तो १८० अंशात फिरवलेला असतो. पण उपमा फर्मास आहे.)

आता सीपीएल. आकाश एका कोपऱ्यात गडद का, तर आकाशाचा उजेड सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त पोलराइज झालेला (एकाच दिशेत कंपणारा, सीपीएल नेमका असाच उजेड अडवतो) असतो आणि १८ मिमीच्या लेन्सने इतकं रुंद आकाश घेतलंत की गडद पट्टा आणि साधा भाग दोन्ही एकाच फ्रेममध्ये आले. वाइड लेन्सला हे होणारच. पण मोठं नुकसान पाण्यात झालंय. पाण्यावरून परतणारा उजेडही पोलराइज असतो, पृष्ठभागापासून ३७ अंशांच्या आसपास तर पूर्णच, हा ब्रूस्टरचा नियम, १८१५ सालचा. तुम्ही आकाश गडद करायला फिल्टर फिरवलात आणि त्याच फिरवण्यात पाण्याचं परतणं कापलंत. लांबच्या काठापाशी फारसा फरक पडत नाही, पण फ्रेमच्या खालच्या बाजूला, जिथे शिखराचं टोक उमटलं होतं, तिथला आधीच थोडका उजेड अजून निम्म्याहून कमी झाला. तुम्ही स्वतःच्या हाताने शिखर पुसलंत म्हणा ना. पुढच्या वेळी सीपीएल काढून ठेवा किंवा आकाशाकडे न बघता पाण्याकडे बघत फिरवा, प्रतिबिंब सगळ्यात ठसठशीत होईल तिथे थांबा.

आणि एनडी. ट्रायपॉडप्रेमी, १० स्टॉप म्हणजे साधारण हजार पट, १/३० चे ३० सेकंद बरोबर होतात, पण पाणी आरसा होत नाही हो. लहर असली की शिखराचं प्रतिबिंब क्षणोक्षणी वरखाली ताणलं जातं, ३० सेकंदांत ते सगळे तुकडे एकावर एक बसतात आणि उभी पुसट पट्टी तयार होते. दिसायला छान मऊ दिसतं, मला पण आवडतं, पण त्यात शिखराची कड मिळत नाही. कड हवी तर पाणी खरंच स्थिर पाहिजे, दुसरा इलाज नाही. थोडीशीच थरथर असेल तर उलट शटर फास्ट ठेवा, १/१२५ वगैरे, आणि दहावीस फोटो काढा, दोन झुळुकांच्या मधला एखादा सापडतो.

ट्रायपॉडप्रेमी

मान्य, आरसा हा शब्द चुकला. पट्टी येते खरी. पण ट्रायपॉडबद्दल माघार घेणार नाही.

नीलपट

थिअरी झाली, आता या फाइलचं काय करायचं ते मी सांगते, मी फोटो उतरवून थोडा खेळून बघितला (चालेल ना? नसेल तर सांगा, डिलीट करते).

पहिलं, तुमचा फोटो वाकडा आहे आणि तो तुम्ही सरळ करतानाच वाकडा केलाय. पलीकडचा काठ हा क्षितिज नाही, तो उजवीकडे तुमच्यापासून लांब जातोय म्हणून फोटोत तिरका दिसणारच, त्याला आडवं केलं की बाकी सगळं कलंडतं. तळ्याच्या फोटोला सोपी कसोटी आहे, शिखराचं टोक आणि पाण्यातलं त्याचंच टोक एका उभ्या रेषेत आलं पाहिजे. कुठलाही बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब. तुमच्यात पाण्यातलं टोक डावीकडे सरकलंय, मी दीड अंश फिरवलं तेव्हा बसलं. (कॅमेरा खूप खाली किंवा वर झुकवलेला असेल तर फ्रेमच्या कडेला ही रेषा थोडी तिरपी होते, म्हणून मधल्या शिखरावर तपासायचं.) खरं सांगू, नुसतं एवढं केल्यावरच फोटो निम्मा सुधारला, बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही पण तळं सांडतंय असं वाटत राहतं.

दुसरं, क्रॉप. डावीकडचं फाटलेलं पाणी वाचवत बसू नका, कापा. आकाशाचा फिकट भाग पण त्याच बाजूला आहे, तो आपोआप जातो. चौरस किंवा ४:५ उभा करून बघा, शिखर मधोमध, काठ मधोमध. काठ मधे नको, तृतीयांशावर हवा असं कुणी सांगितलं तर प्रतिबिंबाच्या फोटोत ते ऐकायची गरज नाही, तोल हाच विषय असेल तर तो मधे असू द्या. फक्त पाण्यातल्या टोकाच्या खाली थोडी जागा सोडा, टोक कडेला टेकलं की गुदमरल्यासारखं होतं. उजवीकडचे सगळे दगड ठेवू नका, तो एकटा पाण्यातला ठेवा.

तिसरं उजेड, आणि इथे हात आवरायचा. सॅच्युरेशन आधी शून्यावर आणा प्लीज. मग काठापासून खाली लिनियर ग्रेडियंट मास्क (बदल हळूहळू वाढत नेणारा), काठापाशी शून्य आणि तळाला एक्सपोजर +०.८ च्या आसपास. अर्धा_स्टॉप म्हणाले तसं सीपीएलने खाल्लेलं थोडं परत द्यायचं, सगळं नाही. प्रतिबिंब वरच्या डोंगरापेक्षा अर्धा ते एक स्टॉप काळोखं राहिलंच पाहिजे, बरोबरीला आलं की चुकलं आणि जास्त उजळ झालं तर संपलंच. क्लॅरिटी फक्त वरच्या डोंगरावर, १५ पुरे, पाण्यावर शून्य किंवा किंचित उणे. पाण्यावर क्लॅरिटी लावली की बारीक लहरी वाळूसारख्या दिसायला लागतात, तुमच्यात दिसतायत. आकाशाच्या गडद कोपऱ्यावर वेगळा मास्क, थोडं उजळ आणि निळं थोडं कमी.

चौथं, बर्फ. वरच्या शिखराच्या उन्हाच्या बाजूला बर्फ पांढरा फटक झालाय. हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढा, रॉ आहे तर थोडंफार येईल, पण तिन्ही रंग टोकाला गेले असतील तिथे काही येत नाही. गंमत म्हणजे पाण्यात बघा, त्याच बर्फाच्या वळ्या स्वच्छ दिसतायत, कारण प्रतिबिंब काळोखं होतं म्हणून जळलं नाही. ते वर चिकटवायचा मोह होईल. करू नका 😀 पण कॅमेऱ्याने एक्सपोजर किती जास्त दिलं ते त्यावरून साधारण कळतं.

काठावरचा

बापरे, चार दिवसांत जे कळलं नाही ते एका रात्रीत कळलं, खूप आभार सगळ्यांचे. नीलपट ताई खुशाल खेळा फोटोशी. तो दगड झूम करून बघितला आणि खरंच पोट दिसतंय, घरात सगळ्यांना दाखवत सुटलोय.

दोन शंका. एफ २२ केलं तरी काहीच एकदम कडक शार्प नाहीये, दगड पण नाही आणि डोंगर पण नाही, मग जास्त नंबर म्हणजे जास्त शार्प हे खोटं का? आणि फोकस मी पाण्याच्या पृष्ठभागावर केला होता, दगडाच्या पुढे, प्रतिबिंब तिथेच आहे म्हणून. ते बरोबर ना?

जुनी रीळ

नाही, आणि ही चूक मी स्वतः दोन रीळ वाया घालवून शिकलोय त्यामुळे रागावणार नाही.

प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. आरशासमोर उभे राहून स्वतःवर फोकस करा, लेन्स आरशाच्या अंतरावर थांबत नाही, दुप्पट अंतरावर जाते. तसंच इथे, डोंगर पाच किलोमीटरवर असेल तर त्याचं प्रतिबिंबही लेन्सच्या हिशोबाने पाच किलोमीटरवरच. पाण्यावर तरंगणारं पान आणि त्याच्या शेजारीच उमटलेलं शिखर, फ्रेममध्ये बोटभर अंतर पण एकाचा फोकस दीड मीटरवर आणि दुसऱ्याचा अनंताला. त्यामुळे पाण्यातलं शिखर हवं तर वरच्या शिखरावरच फोकस करा. जवळचा दगडही हवा तर हायपरफोकल अंतर काढा, तुमच्या सेन्सरवर १८ मिमी आणि एफ ११ ला ते साधारण दीड मीटर येतं, तिथे फोकस केला की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत पुरेसं शार्प. मी स्वतः थोडं पुढेच करतो, दोन मीटर, कारण दगड किंचित मऊ झाला तर चालतो पण शिखर मऊ झालेलं चालत नाही.

एफ २२ ला भोक इतकं लहान होतं की उजेड कडांवरून पसरतो आणि सगळी फ्रेम सारखीच मऊ होते. त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. किट लेन्सला ८ ते ११ मधे राहा.

आता नीलपटने जे सांगितलं ते घरातलं, मी काठावरचं सांगतो. रात्रभर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन बसते, म्हणून पहाटे पाणी निवांत असतं. ऊन उतारांवर पडलं की हवा तापून वर चढायला लागते, खालची हवा तिच्या जागी सरकते, आणि पाण्यावर पहिली सुरकुती येते. तुमच्या साडेआठला हेच चालू झालं होतं. शिवाय पहाटेचा अजून एक फायदा, ऊन आधी फक्त शिखराला लागतं, तळं अजून सावलीत असतं. सावलीतलं पाणी म्हणजे काळी पाटी, त्यावर उजळलेलं शिखर काय उमटतं म्हणून सांगू. दहा पंधरा मिनिटांचा खेळ असतो. तेव्हा मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) शिखराच्या उजळ बाजूवर करायचं, पाणी काळं दिसलं तरी घाबरायचं नाही.

वारा सुटलाच तर घरी जायचं नाही, काठाने चालायचं. दगडांनी अडवलेलं एखादं डबकं असतं, टेबलाएवढं, त्यात लहर शिरत नाही. कॅमेरा पार पाण्यालगत, घोट्याच्या उंचीला आणायचा, की त्या टेबलाएवढ्या डबक्यात अख्खा डोंगर मावतो. मोठ्या तळ्यालाही कॅमेरा खाली आणून बघा, दगडाच्या पोटाचा आणि पाठीचा तो फरक कमी होतो आणि वरचा खालचा भाग एकमेकांना जुळायला लागतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरवून त्याच्यापुढे पालथं पडायचं. कपडे खराब होतात. होऊ देत.

आणि तळं कुठलं आहे हेही बघायला हवं. न्यूझीलंडचं लेक मॅथेसन प्रतिबिंबासाठी प्रसिद्ध आहे कारण जंगलातल्या कुजलेल्या पाल्यातून झिरपून त्याचं पाणी गडद तपकिरी झालंय, आतून काहीच उजेड वर येत नाही, जे दिसतं ते नुसतं आओराकी आणि टास्मान या शिखरांचं प्रतिबिंब. याच्या उलट कॅनडातलं मोरेन लेक, हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगत असतं, ऊन पडलं की पाणी स्वतःच निळंहिरवं चमकतं आणि प्रतिबिंबावर साय धरल्यासारखं होतं. तिथे उन्हात प्रतिबिंबाच्या मागे लागू नये, रंगाचा फोटो काढावा. तुमचं तळं फोटोवरून या दोन्हीच्या मधलं वाटतंय.

जाता जाता, ते वरचे तीन पक्षी. त्याच दिवसाचे बाकीचे फोटो उघडा आणि तिथेच बघा, त्याच कोपऱ्यात, त्याच रांगेत.

अर्धा_स्टॉप

काका 😂 मी पण बघितलं होतं, पण म्हणलं इतक्या कौतुकाने लिहिलंय तर कशाला.

काठावरचा

बघितलं. एकूण सत्तेचाळीस फोटो, सगळ्यांत तेच तीन पक्षी, तिथेच. एका फोटोत तर ते दगडावर बसलेत, कारण कॅमेरा खाली होता. सेन्सरवरची धूळ ना?

जुनी रीळ

धूळच. एफ ५.६ ला हेच डाग इतके पसरट आणि फिके होतात की दिसत नाहीत, २२ ला कडक होतात. सेन्सर ब्लोअरने साफ करा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

काठावरचा

केलं सगळं. दीड अंश नाही, १.४ ला बसलं माझ्याकडे. ४:५ उभा क्रॉप, डावीकडचं सगळं कापलं, काढवत नव्हतं पण काढलं. तळाला आधी +०.८ दिलं, मग सकाळी ताज्या डोळ्यांनी बघितलं तर जास्त वाटलं म्हणून +०.५ ठेवलंय, पाण्यातलं शिखर आता वरच्यापेक्षा गंभीर दिसतंय, तेच आवडतंय मला. बर्फाचा एक तुकडा जळालेलाच राहिला, तो तसाच सोडला. नवीन फोटो चिकटवलाय खाली, अजून काही दिसलं तर बिनधास्त सांगा.

पुढच्या महिन्यात परत जातोय, साडेपाचला काठावर असेन, सीपीएल घरी आणि ट्रायपॉड हातात.

बहिणीला आत्ताच नवीन दाखवला. म्हणाली हा खरा वाटतोय, पण यातले पक्षी कुठे गेले, त्यांच्यामुळे जिवंत वाटत होता. तिला अजून सांगितलेलं नाही.